सौंसर-नागपूर जहाज

गुणवंता ड्रायव्हरला रिकाम्या गाडीचा तिटकारा होता. सौंसर-नागपूर रस्त्यावर त्याने उभं आयुष्य खासगी बस चालवली आणि अर्धी भरलेली गाडी स्टँडवरून कधी हलवली नाही. वेळ होऊन गेली? जाऊ द्या. सवाऱ्या ओरडून राहिल्या? ओरडू द्या. घसा कोरडा पडला की आपोआप गप्प बसतात. शेवटची सीट भरली, उभ्यांची दाटी दारापर्यंत आली, टपावर संत्र्याच्या पेट्या चढल्या, की तो विडी विझवायचा आणि मागून येणाऱ्या दोन थापांची वाट पाहायचा.

थापा मारायचा त्याचा कंडक्टर भगवंतराव. गाडीच्या पत्र्यावर एक थाप पडली की थांबायचं, दोन पडल्या की निघायचं. भगवंतरावाचा पंजा असा की मागच्या दाराशेजारचा पत्रा कायमचा आत गेला होता, आणि मालकाने तो कितीदा ठोकून घेतला तरी महिन्याभरात पुन्हा खड्डा. बोरगावचा हा माणूस आणि सौंसरचा गुणवंता, दोघं एकमेकांशी दिवसभरात फार बोलतही नसत. हा त्याला 'कंडक्टर' म्हणायचा, तो ह्याला 'डायवर'. मधलं सगळं बोलणं पत्र्यावरून व्हायचं.

पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरने गाडी सोडायला सांगितली. गुणवंता घरी बसला. घरी बसला म्हणजे घराची गाडी झाली. दिवाण पूर्ण भरल्याशिवाय तो टीव्ही लावेना. दोघंच नवरा-बायको असले तर उठून ओट्यावर जायचा आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला "दोन जागा हायेत, दोन जागा!" म्हणून आत ओढायचा. बायको देवकाबाई अगदी रडकुंडीला आली. आपल्या घरात बसून आपली मालिका पाहायला शेजारचा दूधवाला कशाला लागतो, हे तिला आयुष्यभर कळणार नव्हतं.

तिने पुण्याला पोराला फोन लावला. "पंकज, तुह्या बाबाले काही काम पाठव. नाई तं मी पांढुर्ण्याले माहेरी चालली."

पंकजच्या ऑफिसात कोणीतरी त्याला सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना हातात काहीतरी जोडायचं काम द्यावं. त्याने इंटरनेटवर पाहून एक खोका मागवला. खोक्यावर तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा गोऱ्या राजाच्या शिडाच्या लढाऊ जहाजाचं चित्र होतं. तीन मजले, तीन डोलकाठ्या, दोन्ही बाजूंनी तोफांची तोंडं, आणि आजूबाजूला धूर. आत लाकडाच्या बारीक पट्ट्या, दोऱ्यांची रिळं, पितळेच्या नखाएवढ्या तोफा आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक.

गुणवंताने चित्र हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. समुद्र त्याने पाहिला नव्हता. पण चित्रात समुद्राकडे त्याचं लक्षच नव्हतं. तो बोटाने खिडक्या मोजत होता.

"तीन माळ्याची हाये व," तो देवकाबाईला म्हणाला. त्याच्या आवाजात जो आदर होता तो लग्नात सासऱ्याच्या वाट्यालाही आला नव्हता. "शंभरक खिडक्या हायेत. किती सवारी बसत असंन!"

पुस्तक वाचायला शेजारची तृप्ती आली. ती शाळेत मास्तरीण, इंग्रजी शिकवायची, आणि तिला वाटलं काकांना मदत करावी. बिचारीला काय माहीत. पहिले काही दिवस सगळं नीट चाललं. पट्ट्या देवकाबाईच्या भाताच्या पातेल्यात भिजत पडायच्या, मऊ झाल्या की गुणवंता त्या वाकवून सांगाड्याला डकवायचा. हात त्याचा बसलेला होता. त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरला गाडी अर्ध्या वाटेत खोलून पुन्हा जोडता येत नसेल तर त्याने ड्रायव्हर होऊ नये. अंब्या बहाराची संत्री आली आणि गेली, मृगाची आली, आणि देवकाबाईच्या शिलाई मशीनवर जहाजाचं पोट तयार झालं. मशीन त्या दिवसापासून बंद पडलं ते पडलंच. शेजारच्या रूपालीचे शिवायला आलेले दोन ब्लाऊज त्याच्याखालच्या खणात अडकले.

भांडण पहिलं झालं ते स्टेअरिंगवरून. तृप्तीने पुस्तकात पाहून सांगितलं, "काका, हे चाक मागच्या बाजूला लावायचं आहे."

"कोणतं चाक?"

"जहाज वळवायचं. स्टेअरिंगच म्हणा."

गुणवंताने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "डायवर मागं बसते?"

"हो. असंच असतं जहाजात."

"मंग समोरचं त्याच्या बापाले दिसन? मधात तीन खांब, एवढ्या दोऱ्या, शंभर मुंडके. ज्यानं हे बनवलं थो कधी गाडीवर बसला नसंन." आणि त्याने चाक पुढे आणून बसवलं, नाकाशी. शेजारी देवकाबाईच्या फुटक्या आरशाचे दोन तुकडे लावले, मागची गाडी दिसावी म्हणून. समुद्रात मागची गाडी कुठून येणार, हे तृप्तीने विचारलं नाही. तिला अजून तोफांबद्दल बोलायचं होतं.

तोफा त्याने एकूण एक काढल्या होत्या आणि देवकाबाईने त्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवल्या होत्या.

"काका, ही युद्धनौका आहे. तोफा नसल्या तर लढणार कशी?"

"कोणासंगं लढाचं हाये?"

तृप्तीला पटकन कोणाचं नाव सुचलं नाही.

"नाई नं? मंग खिडकीत तोफ घातली तं सवारीनं डोकं कुठून काढाचं? अन् ज्या बाईले ओकारी होते तिनं काय करावं? तोफीत ओकावं?"

तृप्तीने पुस्तकाची पानं चाळली. एवढ्या जाड पुस्तकात ओकारी होणाऱ्या बाईचा उल्लेख नसावा, याचं तिलाच आता आश्चर्य वाटायला लागलं. तिने पुस्तक मिटलं आणि त्यानंतर ती फक्त चहाला यायची.

मग मात्र कामाला वेग आला. दोऱ्यांच्या शिड्या गुणवंताला मनापासून पटल्या, कारण टपावर चढायला शिडी लागतेच. शिडं म्हणजे ताडपत्री, ती त्याने नीट गुंडाळून वर बांधली. ऊन असलं की पसरता येईल. रंग निळा-पांढरा, मधून एक नारंगी पट्टा. नाकावर 'जय बजरंगबली', मागच्या नक्षीदार सज्जावर 'फिर मिलेंगे'. दृष्ट लागू नये म्हणून एक लिंबू-मिरची टांगली, तर मिरची नांगरापेक्षा लांब निघाली आणि जहाज पुढे कलायला लागलं. मग नुसती मिरचीची देठाकडची टोपी बांधली.

हे सगळं होईपर्यंत गल्लीत कोणी काही बोललं नव्हतं. एक दिवस रूपाली विरजण मागायला आली, म्हणजे तिच्या ब्लाऊजचं काय झालं ते पाहायला आली. देवकाबाई आत गेली तेवढ्यात तिने जहाजाला एक फेरी मारली, खाली वाकून वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीतून आत पाहिलं आणि म्हणाली, "मामाजी, ही खिडकी मले ठेवजा." आणि पदराच्या फाटक्या काठाची एक चिंधी तोडून तिने त्या भोकात खोचली.

गाडीत रुमाल टाकला की जागा आपली. हा कायदा सौंसरच्या स्टँडवर कोणी लिहून लावलेला नाही, पण पोलीससुद्धा तो मोडत नाही. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा प्रफुल्ल, तोच दूधवाला, आला आणि बायकोच्या शेजारच्या भोकात आपल्या रुमालाचं टोक खोचून गेला. तिसऱ्या दिवसापासून रांग लागली. गुणवंता दारात खुर्ची टाकून बसला आणि त्याचा चेहरा असा उजळला की देवकाबाईला लग्नातला नवरा आठवला. "जागा हाये, जागा हाये! मधल्या माळ्यावर सरका!"

लोक चिंध्या घेऊन येत. कोणी जुन्या लुगड्याची, कोणी शाळेच्या गणवेशाची, एकाने बनियनची आणली ती गुणवंताने परत पाठवली, सभ्य सवाऱ्या आहेत म्हणून. संत्र्याचा एक जाडा व्यापारी दोन खिडक्या अडवून गेला आणि त्यावरून हातघाई झाली. पांढुर्ण्याहून देवकाबाईची भाची वृषाली आली, तिने पाहिलं की सगळ्या जागा सौंसरवाल्यांनी धरल्या आहेत, आणि ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मामाजी, आता सौंसरचा जिल्हा आमचं गाव हाये. पांढुर्ण्याचा कोटा कुठी हाये?" तिला खालच्या मजल्यावरची एक पूर्ण बाजू द्यावी लागली. ती चिंध्यांची पिशवी घेऊनच आली होती.

गाडी कुठे जाणार हे कोणी विचारलं नाही. एकट्या तृप्तीने विचारलं, तेव्हा रांगेतल्या लोकांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती आपला चहा संपवून उठली. गुणवंताची गाडी नागपूरशिवाय कुठे जाणार? एका म्हाताऱ्याने फक्त एवढंच विचारून घेतलं की नागपुरात बर्डीला थांबेल ना.

आणि एक दिवस गाडी भरली.

देवकाबाई खुशीत आली. "सोडा एकदाची. मशीन मोकळी होईन."

गुणवंता जहाजासमोर बसून राहिला. "थाप कोण मारन?"

"मी मारतो नं!"

"तू कंडक्टर हायेस?"

तेव्हा देवकाबाईला कळलं, हा माणूस वर्षभर कोणासाठी गाडी भरत होता. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याच्याजवळ खाली बसली.

भगवंतराव आणि गुणवंता एकमेकांशी बोलत नव्हते, त्याला सात-आठ वर्षं झाली होती. बिनसलं त्या दिवशी शनिवार होता. जामसांवलीच्या फाट्यावर मारुतीच्या भक्तांची झुंबड. भगवंतरावाचा शिरस्ता असा की फाटा आला की चपला गाडीतच काढायच्या, खाली उतरायचं, देवळाच्या दिशेला हात जोडायचे, मग चढून दोन थापा. त्या शनिवारी तो हात जोडून, डोळे मिटून उभा होता आणि थापा पडल्या. कोणी मारल्या ते देवाला माहीत. कोणी म्हणतं टपावर संत्र्याच्या पेट्या आदळल्या. कोणी म्हणतं एका भक्ताने मागच्या बंपरवर नारळ फोडला आणि तो पहिल्या दणक्याला फुटला नाही. गुणवंताने गियर टाकला. कंडक्टर नाही हे सावनेर आलं तेव्हा कळलं. आणि इकडे भगवंतराव, तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस, अनवाणी, कापसाच्या ट्रॅक्टरवर ढिगाच्या वर बसून सौंसरच्या स्टँडवर उतरला. सगळ्या स्टँडने पाहिलं. पानठेल्यावाल्याने तर उठून नमस्कार केला.

"मी थाप मारली नाई. गाडी सुटलीच कशी?" तो म्हणाला.

"थापा पडल्या. मी थांबू कसा?" हा म्हणाला.

दोघांनी हे एकेकदाच म्हटलं. भगवंतरावाने त्याच दिवशी नोकरी सोडली. गुणवंता पुढे दुसऱ्या कंडक्टरांबरोबर गाडी चालवत राहिला, पण दुसऱ्यांच्या थापा त्याला कधी पटल्या नाहीत. कोणाची मिळमिळीत, कोणाची उगाच आगाऊ. त्याला भगवंतरावाची फार आठवण यायची. तो ते कबूल करत नव्हता एवढंच. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा पट्टीआड त्याने देवकाबाईला दोनदा 'कंडक्टर' म्हणून हाक मारली होती आणि तिने ती दोन्ही वेळा ऐकून न ऐकल्यासारखी केली होती.

आता प्रफुल्ल रोज बोरगावला दूध घालायला जायचा. त्याच्या हाती निरोप गेला: गाडी भरली आहे, थाप द्यायला या. भगवंतरावाने दूध घेतलं, भांडं आत ठेवलं आणि उत्तर दिलं, "ज्याची गाडी थापीवाचून सुटते त्याले आता थाप कायले पायजे?"

दुसरा निरोप गेला, तिसरा गेला. तिसऱ्यांदा प्रफुल्ल परत आला तो वेगळीच बातमी घेऊन. भगवंतराव आता एकटाच होता, बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी श्रुती सुरतेला असते, ती त्याला कायमचं घेऊन चालली होती. शेत बटईने दिलं, घराला कुलूप. मुलगी नागपूरला कोणाच्या तरी लग्नाला आलेली, तिथून दोघं गाडीने सुरतेला जाणार. "उद्या सकाळच्या नागपूर बसनं निघून राहिला. आता येत नाई म्हणे इकडं," प्रफुल्ल म्हणाला.

गुणवंता जेवला नाही. पोळी हातात धरून बसला. सुरतेला गेलेला माणूस काही थाप मारायला सौंसरला येत नाही, एवढा हिशोब त्याला कळत होता. जहाज असंच मशीनवर उभं राहणार, भरलेलं, आणि कधीही न सुटणारं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर भरलेली गाडी उभी ठेवायची वेळ आली होती.

सकाळी देवकाबाईनेच लुगड्याची चुंबळ वळली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. "उचला," ती म्हणाली. "थो येत नाई तं आपण जाऊ."

जहाज डोक्यावर घेऊन गुणवंता गल्लीतून निघाला. मागे देवकाबाई, मधली डोलकाठी धरून, वाऱ्याने कलू नये म्हणून. विजेच्या तारा आल्या की ती ओरडायची, "वाका!" आणि गुणवंता जहाजासकट गुडघ्यात वाकायचा. रूपालीने दारातून पाहिलं आणि आत ओरडली, "अवो, आपली गाडी सुटून राहिली!" बातमी पुढे पळाली. ज्यांच्या ज्यांच्या चिंध्या होत्या ते सगळे निघाले. जाडा व्यापारी दुकान उघडं टाकून आला, त्याच्या दोन जागा होत्या. बर्डीचा म्हातारा तर पिशवी घेऊन आला होता, पिशवीत टॉवेल आणि पाण्याची बाटली. आता डोक्यावरच्या जहाजात तो कसा बसणार होता, हे त्याला कोणी विचारलं नाही, कारण जो तो आपली चिंधी जागेवर आहे की नाही ते पाहत होता.

स्टँडवर नागपूरची बस उभी होती, इंजिन चालू. गच्च भरलेली. मागच्या दाराजवळच्या खिडकीत भगवंतराव बसला होता. दुसरीकडे तो बसूच शकत नव्हता. पेटी सीटखाली, चपला काढलेल्या, पाय वर घेतलेले. नव्या दमाचा कंडक्टर कुलदीप पुढच्या बाजूला तिकिटं फाडत होता. त्याने पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि बस हलली.

नेमक्या त्याच वेळी समोरून, लोकांच्या डोक्यांच्या वर, एक तीन मजली गाडी येताना भगवंतरावाला दिसली. निळी-पांढरी, नारंगी पट्ट्याची, खिडकीखिडकीतून रुमाल बाहेर आलेली. खाली गुणवंताचं तोंड. भगवंतरावाने मान फिरवली. मग त्याने पुन्हा पाहिलं. पाहावंच लागलं, कारण तीस वर्षांची सवय. गाडी दिसली की त्याचा डोळा पुढून मागे एकेक सीट तपासत जायचा, आपोआप. वरचा माळा, भरला. मधला, भरला. खालचा, भरला. आणि अगदी मागे, सज्जाच्या अलीकडे, जिथे जिना चढतो तिथे, एक खिडकी रिकामी.

गुणवंताची गाडी, रस्त्यावर निघालेली, आणि एक सीट रिकामी! भगवंतरावाला राहवलं नाही. खिडकीतून बाहेर हात काढून त्याने बसच्या पत्र्यावर एक थाप मारली. तीच जुनी. बस जागच्या जागी उभी राहिली, आतले उभे असलेले सगळे एकमेकांवर आदळले आणि भगवंतराव त्यांच्यामधून वाट काढत खाली उतरला.

तो सरळ जहाजापाशी आला. गुणवंताने ते डोक्यावरून उतरवून स्टँडच्या कठड्यावर ठेवलं होतं. आजूबाजूला सगळ्या सवाऱ्या.

"एक सीट खाली हाये," भगवंतराव म्हणाला. सात-आठ वर्षांत हे त्याचं पहिलं वाक्य.

"माहीत हाये."

"मंग गाडी रस्त्यावर काढलीच कशी?"

"थे कंडक्टरची सीट हाये," गुणवंता म्हणाला. "तिथं मी कोणाची चिंधी लागू देली नाई. वृषालीनं लई भांडण केलं. पण नाई देली."

भगवंतराव त्या खिडकीशी वाकला. त्याने खिशातून रुमाल काढला. मोठा, चौकड्यांचा, तिकिटाच्या पिशवीच्या दिवसांपासूनचा. एक टोक पिळून त्याने त्या शेवटच्या भोकात घातलं. बाकीचा रुमाल बाहेर लोंबत राहिला, मागची सगळी नक्षी झाकून.

गाडी भरली.

"थाप दे," गुणवंता म्हणाला.

तेव्हा सगळ्या लोकांच्या एकदम ध्यानात आलं. तो पंजा, ज्याने बसचा पत्रा आत गेला होता, आणि ह्या काडीएवढ्या पट्ट्या, सुतासारख्या दोऱ्या, वर्षभराची मेहनत. देवकाबाईने तोंडावर पदर धरला. तृप्ती शाळेत चालली होती, ती जागच्या जागी थांबली. गुणवंताने डोळे मिटले. मोडलं तर मोडलं. कंडक्टरच्या थापेशिवाय एकदा गाडी सोडली होती, त्याची किंमत त्याला पुरती कळली होती.

भगवंतरावाने हात वर उचलला. हात वरच राहिला. त्याने त्या बारीक शिड्यांकडे पाहिलं, मिरचीच्या टोपीकडे पाहिलं, मिटलेल्या डोळ्यांच्या डायवरकडे पाहिलं, आणि त्याचा हात काही खाली येईना. पण थाप तर द्यायचीच होती. गाडी भरली होती. तो वळला, आणि हाताशी जो पत्रा होता त्यावर त्याने जीव खाऊन दोन थापा मारल्या. असा आवाज सौंसरच्या स्टँडवर कित्येक वर्षांत झाला नव्हता.

तो पत्रा नागपूरच्या बसचा होता.

बस सुटली. ड्रायव्हरने मागे पाहिलं नाही. ड्रायव्हर पाहत नसतात. कुलदीपला वाटलं कोणीतरी मागून दिल्या असतील, तो तिकिटं फाडत राहिला. धूळ उडाली, बस वळणावर गेली, भगवंतरावाची पेटी घेऊन, चपला घेऊन. तो रस्त्यावर उभा होता. त्याने खाली पायांकडे पाहिलं. पाय अनवाणी.

कोणी हसलं नाही. म्हणजे हसायचं होतं सगळ्यांना, पण पानठेल्यावाल्याने हात वर करून थांबवलं.

गुणवंताने डोळे उघडले होते. तो हळूच म्हणाला, "दोन थापा पडल्या, कंडक्टर. आता डायवरनं काय करावं?"

भगवंतराव वळणाकडे पाहत राहिला.

"सोडाची गाडी," तो म्हणाला. "अजून काय करन थो?"

मग दोघंही हसले, आणि हसता हसता भगवंतराव रडायला लागला, आणि गुणवंताने त्याला धरलं. देवकाबाईने आपल्या पायातल्या चपला काढून भगवंतरावापुढे सरकवल्या. त्याला त्या अर्ध्याच आल्या.

दुपारी त्या घरात दिवाण भरला होता. गुणवंता, भगवंतराव, देवकाबाई, रूपाली, प्रफुल्ल, आणि जहाज परत शिलाई मशीनवर. श्रुतीचा फोन आला. ती नागपूरहून ओरडत होती. "बाबा, पेटी आली, चपला आल्या, तुमी कुठी हा?"

"सौंसरले हावो."

"दुसऱ्या गाडीनं निघा नं मंग!"

भगवंतरावाने जहाजाकडे पाहिलं. पुढून मागे, एकेक सीट. मग तो उठला, शेवटच्या खिडकीतलं रुमालाचं टोक त्याने हळूच ओढून काढलं, घडी घातली आणि रुमाल खिशात ठेवला. गुणवंता पाहत होता.

"गाडी अजून भरली नाई, बेटा," भगवंतराव फोनमध्ये म्हणाला. "एक सीट खाली हाये. कशी सुटन?"

बोरगावच्या घराची किल्ली पेटीत होती आणि पेटी श्रुतीबरोबर सुरतेला गेली, त्यामुळे पहिले आठ दिवस तो गुणवंताकडेच राहिला. आता किल्ली कुरियरने आली आहे. रोज सकाळी तो बोरगावहून येतो, चपला दारात काढतो, जहाजाला एक फेरी मारतो आणि सांगतो, "एक खाली." गुणवंता मान हलवतो आणि विडी पेटवतो. बर्डीचा म्हातारा मधूनमधून चौकशी करून जातो. रूपालीने ब्लाऊज दुसरीकडे शिवायला टाकले आहेत, देवकाबाईचं मशीन काही अजून मोकळं झालेलं नाही.